बोटांना ओळखू येणारी फौज

माणूस म्हणाल तर इतका गरीब, की रांगेत कोणी पुढे घुसलं तर एक पाऊल मागे सरकून त्याला जागा करून देणार. आणि अशा माणसाच्या मागच्या खोलीत साडेतीनशे सैनिक, नऊ तोफा, चाळीस खेचरं आणि दोन उंट! सगळी गल्ली त्यांना जनरल म्हणायची. सुरुवात थट्टेनं झाली, मग तेच नाव चिकटलं. बायको ओघानंच जनरलीणबाई झाली. पोस्टमन दारात येऊन "जनरलसाहेब आहेत का?" विचारायचा आणि बाई आतून सांगायच्या, "आहेत, पण मुंडकी उडवतायत. थांबा जरा."

मुंडकी खरोखरच उडवली जात. हे सैन्य प्लास्टिकचं, बोटाच्या पेराहून जेमतेम उंच. वसाहतींच्या काळातल्या लढाया टेबलावर मांडायच्या, टेपनं अंतर मोजून फौजा पुढे सरकवायच्या, फासे टाकून कोण पडला ते ठरवायचं, असा एक नाद जगात आहे आणि तो जनरलना लागला होता. त्यात एक गोम आहे. दुकानात जी खोकी मिळतात त्यांत साहेबाच्या शिपायांची नुसती चंगळ. कोणी गुडघा टेकून नेम धरतोय, कोणी बिगुल वाजवतोय, एकजण तर चक्क पाइप पेटवतोय. आणि समोरची बाजू? ज्यांच्या मुलखात हे साहेब घुसले, ते लोक? त्यांच्या वाट्याला तीनच नमुने. भाला वर, भाला खाली आणि मेलेला. पहिलं खोकं उघडलं त्या दिवशी जनरल बायकोला म्हणाले, "अगं, ही काय माणसं नव्हती का? यांच्यात कोणी जाडा नव्हता? कोणी म्हातारा नव्हता? भाकरतुकडा कोण रांधत होतं यांचा?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून साहेबांची मुंडकी उडायला लागली. धड दुकानातल्या साहेबाचं, डोकं जनरलनी घडवलेल्या मुलखातल्या माणसाचं.

इथे त्यांचा धंदा कामी आला. जनरल कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवणार आणि जनरल घराच्या पुढच्या खोलीत बसून प्लास्टरचा जबडा ओतणार, मेणात दात लावणार, हिरड्या कोरणार. कवळीला लागते ती गुलाबी पावडर आणि तिचं ते नाक झोंबवणारं लिक्विड त्यांच्याकडे कायम असायचं. ह्या मालातूनच मुंडाशी, पिशव्या, पाण्याच्या पखाली आणि पोटं घडायला लागली. कवळीच्या तारेचे भाले झाले. रंग द्यायच्या आधी सगळी फौज हिरडीसारखी गुलाबी दिसायची. बाई म्हणायच्या, "लढायला निघालेत की दात काढायला?" पण एकदा का जनरलनी तीन केसांचा ब्रश हातात घेतला, की बघणाऱ्याचं तोंड उघडंच राहायचं. डोळ्यांतली बुबुळं, मिशांची टोकं, मुंडाशाच्या काठावरची नक्षी. एक आचारी होता, त्याच्या कपाळावर घाम होता. घाम! हरभऱ्याएवढं डोकं आणि त्यावर घाम!

एवढं केल्यावर माणूस जपणारच. पण जनरलचं जपणं अंगावर यायचं. त्या खोलीत एकच कायदा. शिपाई उचलायचा तो बुडाशी धरून. प्रत्येक शिपाई एका छोट्या चकतीवर उभा असतो, त्या चकतीला दोन बोटं लावायची. अंगाला हात लावायचा नाही, रंग झिजतो. एकदा बाईंनी झाडपूस करताना एका ढोलवाल्याला कमरेत धरून बाजूला ठेवलं. जनरल काही बोलले नाहीत. बोलतील कसले! दोन दिवस नुसते त्या ढोलवाल्याकडे बघून सुस्कारे टाकत बसले. बाईंनी कानाला खडा लावला आणि त्या खोलीत केरसुणी नेणंच सोडलं.

या कायद्यात बसणारा दुनियेत एकच दुसरा माणूस होता. मास्तर. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, बायको गेलेली, सुनेजवळ राहणारे. घर चार गल्ल्या सोडून. एकोणीस वर्षं दर रविवारी सकाळी नऊला मास्तर हजर. ज्या मुलखात हे दोघं लढायचे तो कुठल्याच नकाशात नव्हता, कारण तो मास्तरांनी स्वतः काढला होता. दोन नद्या, एक खिंड, मिठागरं, पाऊस कुठे किती पडतो त्यासकट. जनरल नेहमी साहेबाच्या बाजूनं, मास्तर डोंगरातल्या लोकांच्या. "आयुष्यभर हेडमास्तरांचं ऐकलं वहिनी," मास्तर बाईंना म्हणायचे, "आता टेबलावर तरी मला कोणाचं ऐकायचं नाही." आणि मग दुपारी एकपर्यंत मागच्या खोलीतून जे काही ऐकू यायचं, त्यावरून कोणाला वाटलं असतं की दोघांच्या जमिनीचा वाद चाललाय.

मास्तरांना काचबिंदू होता. कोणाला सांगितलं नाही. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग उरलं तेही धूसर होत गेलं. जनरलच्या लक्षात आलं ते एका रविवारी. मास्तरांनी आपले भालेवाले समजून साहेबाचीच पलटण उचलली आणि खिंडीतून पुढे ढकलली. चकतीलाच धरून, अगदी नीट. जनरलनी पलटण तिथेच राहू दिली, तीन चाली वेड्यासारख्या खेळले आणि हरले.

मास्तर काही दुधखुळे नव्हते. उठले, भिंतीला हात लावून चप्पल शोधली आणि दारातून म्हणाले, "तू मला सोडलंस. एकोणीस वर्षांत कधी एक शिपाई सोडला नाहीस, आणि आज अख्खी लढाई सोडलीस. असली दया मला नको." गेले ते गेलेच. पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचा आला. मास्तर काही आले नाहीत.

सून सांगायची, बाबा खोलीत बसून असतात. रेडिओ समोर असतो, लावत नाहीत. जेवायला बोलावलं तर येतात. काही म्हणून विचारत नाहीत. जनरल दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा मास्तर सभ्यपणे बोलले, हवापाण्याचं. घरी आल्यावर जनरल पुढच्या खोलीत गेले आणि कोणाच्या तरी कवळीला वरच्या जबड्याचे दात खाली लावून बसले. बाईंनी हे पाहिलं. तीस वर्षांत या माणसाच्या हातून कवळी चुकली नव्हती.

"मास्तरांना खेळायला आणायचं काहीतरी बघा," त्या म्हणाल्या, "नाहीतर तुम्ही दोघंही असेच बसून संपाल."

जनरल कामाला लागले. त्यांनी काय केलं, तर प्रत्येक शिपायाच्या चकतीच्या खाली खुणा कोरल्या. साहेबाच्या पलटणीला एक खाच, घोडेस्वारांना दोन, भालेवाल्यांना आडवी रेघ. साडेतीनशे चकत्या! महिनाभर चाललं होतं. ज्याला आयुष्यभर बूड धरायची सवय, त्याला सुचणार तरी काय? बुडाशीच काहीतरी. तरीही मोठ्या हौसेनं वीस शिपाई डब्यात भरून मास्तरांकडे गेले. पडू नये म्हणून डबा बाईंनी धरला होता.

मास्तरांनी एकेक शिपाई उचलला, उलटा केला, बुडाखाली बोट फिरवलं, परत ठेवला. ठेवताना शेजारचे दोन आडवे झाले. पाचव्या शिपायाला ते थांबले.

"हे तर हजेरीपटावरचे नंबर झाले रे," ते म्हणाले. आणि मग न विचारता, सरळ, त्यांनी अंगठा शिपायाच्या तोंडावरून फिरवला. जनरलनी श्वास आत ओढला तो बाईंना ऐकू आला.

मास्तर पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत होते. "हा कोण?"

"डोंगरातला म्हातारा सरदार. तुझा आवडता."

"अरे, पण याला तोंडच नाहीये. गोटी आहे नुसती. याच्या त्या मिशा कुठे गेल्या?"

"मिशा रंगात आहेत," जनरल म्हणाले.

"मग त्या माझ्यासाठी नाहीत," मास्तर म्हणाले. रागानं नाही. शिपाई त्यांनी जनरलच्या तळहातावर ठेवला आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

घरी आल्यावर जनरल मागच्या खोलीत गेले आणि बाईंना हाक मारली. "माझ्या डोळ्यांना फडकं बांध." बाईंनी बांधलं. "आता दे एकेक हातात." बाईंनी दिले. आणि स्वतःच्या हातानं घडवलेली फौज जनरलना ओळखता येईना! आचारी म्हणून ज्याला धरलं तो बिगुलवाला निघाला. मुंडाशी हाताला लागत होती, भाले लागत होते, पण चेहरे सगळे सारखे. नाक म्हणून एक टेंगूळ, बस. बाकी सगळी करामत ब्रशची. रंग सुकला की डोळ्यांना फसवतो, बोटांना नाही फसवत. जनरल फडकं न काढताच म्हणाले, "वीस वर्षं मी चेहरे केलेच नाहीत. चेहऱ्यांची चित्रं काढली फक्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काचेच्या बरण्या मांडल्या, त्यात रंग उतरवायचं औषध ओतलं आणि फौज बुडवायला घेतली. बाई दारात उभ्या होत्या. ज्या ढोलवाल्यासाठी दोन दिवस अबोला सोसला होता, तो बरणीच्या तळाशी गेला आणि त्याचा लाल डगला धुरासारखा वर आला. बाईंना भडभडून आलं. इतकी वर्षं या बाहुल्यांना नावं ठेवली, आणि आता त्याच म्हणाल्या, "अहो, अर्ध्या तरी ठेवा ना. तो घामवाला आचारी तरी ठेवा."

"घाम हाताला लागेल असा करतो," जनरल म्हणाले आणि आचाऱ्याला बुडवलं.

सात महिने लागले. सकाळी कवळ्या, दुपारी फौज. आता ब्रशला रजा, सगळं काम मेण कोरायच्या हत्यारांचं. मिशा कोरल्या, झुपकेदार, तलवारकट, पांढऱ्या मिशांसाठी विरळ. साहेबाच्या पलटणीला छातीवर फुलीसारखे पट्टे उठवले, घोडेस्वारांच्या टोप्यांना तुरे. आणि चेहरे! जबड्यांची इतकी वर्षं सोबत केलेला माणूस. दात पडले की गाल कसा आत जातो, एका बाजूनं चावणाऱ्याचा चेहरा कसा वाकडा होतो, हे त्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक. ओझेवाल्यांच्या दातखिळ्या बसलेल्या. सरदाराचं तोंड पार बोळकं, आणि त्यावर त्या मिशा.

तपासनीस म्हणून बाईंची नेमणूक झाली. रोज दुपारची भांडी आवरली की हात कोरडे करून, डोळ्यांना फडकं बांधून त्या टेबलाशी बसायच्या. सुरुवातीला चेष्टाच. "हा कोण? हा तुमचा धाकटा भाऊ दिसतोय, हनुवटीच नाही." पण पुढे पुढे त्या असल्या कडक झाल्या, की जनरल घाबरायचे. "हा बिगुलवाला आणि हा खेचरवाला, दोघांचे गाल सारखेच फुगलेत. चालायचं नाही. परत करा." आणि जनरल निमूटपणे परत करायचे. कोणाची बिशाद होती या घरात असं बोलायची! पण खरं सांगायचं तर बाईंना त्या दुपारी आवडायला लागल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांना आपल्या नवऱ्याचा नाद दिसला होता, हात आत्ता कळला. एवढ्याशा गोळ्यात माणूस उभा करायचा आणि तो कोणाच्या तरी अंगठ्याला ओळखू यावा म्हणून चार चारदा मोडायचा, हे येरागबाळ्याचं काम नाही. त्यांना नवऱ्याचा अभिमान वाटला आणि त्यांनी तो शेजारणीला बोलूनही दाखवला.

टेबलही बदललं. नद्यांना गुळगुळीत पॉलिश, रानाच्या जागी दात घासायच्या ब्रशांची कापलेली डोकी, डोंगर पक्के चिकटवलेले. कडेनं दर इंचाला एक बारीक खिळा, मोजायला. शिपाई धक्क्यानं पडू नयेत म्हणून चकत्यांखाली शिसं भरलं.

आता मास्तरांना आणायचं. जनरल गेले, हात हलवत परत आले. "नको म्हणतोय. दुसरा कोणी गडी बघ म्हणतोय."

मग बाई गेल्या. बसल्या सुद्धा नाहीत. "भाऊजी, सात महिने झाले, रोज डोळे बांधून बसतेय मी. मला आता तुमच्या सरदाराच्या सुरकुत्यासुद्धा पाठ आहेत. तुम्ही आला नाहीत तर रविवारी तुमच्या बाजूनं मी खेळेन आणि तुमच्या खिंडीचा सत्यानाश करीन. चालेल?"

मास्तर रविवारी नऊला आले. सुनेनं दारापर्यंत सोडलं.

लढाई सुरू व्हायच्या आधी पाऊण तास मास्तरांचे हात टेबलावर फिरत होते. नदीवरून गेले, रानात थबकले, खिंडीत शिरले. "खिंड उत्तरेला थोडी अरुंद केलीस," ते म्हणाले. "तुझ्याच नकाशात तशी आहे," जनरल म्हणाले. मग फौज. मास्तर एकेकाला उचलत होते, कमरेत धरून, डोक्याला धरून, जसं जमेल तसं, आणि नाव सांगत होते. ओझेवाला. बिगुलवाला. आचारी, "याला काय पुरळ आलंय का रे?" मग सरदार हाताला लागला. अंगठा मिशांवरून गेला, गालाच्या खळग्यात गेला, परत मिशांवर आला. "म्हातारा झाला," एवढंच म्हणाले, आणि त्याला खिंडीच्या तोंडाशी नेऊन उभा केला.

लढाई लागली. जनरलनी पहिल्याच चालीत नदी ओलांडली. दुसरीत रान घेतलं. बाई चहा घेऊन आल्या तर मास्तरांचे निम्मे भालेवाले टेबलाच्या कडेला आडवे. त्यांनी नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, माणुसकी आहे की नाही? जरा सांभाळून घ्या. पहिलाच दिवस आहे."

"एकदा सांभाळून घेतलं होतं," जनरल म्हणाले. "त्याचं काय झालं ते पाहिलंस ना." बाईंच्या लक्षात आलं, की यांनाही तीच भीती आहे. हरवलं तर मास्तर पुन्हा त्या रेडिओसमोर जाऊन बसतील, आणि न हरवलं तर नक्कीच बसतील. तरी जनरल परत गेले आणि खेचरांवरची मोठी तोफ त्यांनी टेकडीशेजारी आणून लावली. सरदार आणि त्याच्या भोवतीचे बारा जण, सगळे एका गोळ्यात जाणार होते.

"तोफ. अठरा इंच. सरदाराच्या तुकडीवर," जनरल म्हणाले आणि फासे उचलले.

"थांब," मास्तर म्हणाले.

या खेळात तोफ डागायची तर तोफेच्या जागेवरून लक्ष्य दिसावं लागतं. उभ्यानं बघून चालत नाही. खेळाडूनं खाली वाकायचं, गाल टेबलाला टेकवायचा आणि तोफेच्या मागून बघायचं.

"वाकलास का?" मास्तरांनी विचारलं.

"दिसतंय रे. समोरच तर आहे."

"तुझी खुर्ची वाजली नाही. उभ्यानं सांगतोयस तू." मास्तरांनी तोफेवर एक बोट ठेवलं, दुसरं बोट सरदाराकडून टेबलावरून घासत आणलं. मध्येच ते टेकडीच्या पायथ्याला अडलं. तिथे ते त्यांनी दाबून धरलं. "ही सोंड आहे टेकडीची, दीड बोट उंच. तुझ्या तोफेला माझा सरदार दिसत नाही. वाकून बघ आणि मग सांग."

बाई हातात ट्रे घेऊन तशाच उभ्या राहिल्या. जनरल वाकले. गुडघे वाजले, गाल टेबलाला लागला, एक डोळा मिटला. तोफेच्या तोंडापुढे टेकडीची सोंड होती. तिच्या पलीकडे मुंडाशाचं टोकसुद्धा दिसत नव्हतं. ती टेकडी जनरलनीच चिकटवली होती, आपल्या हातानं, आणि वरून बघताना विसरले होते. ते लवकर उठलेच नाहीत. गाल तसाच टेबलावर, आणि डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळून मास्तरांच्या नदीत पडत होतं.

"काय रे? झोपलास का?" मास्तर म्हणाले.

"नाही दिसत," जनरल कसेबसे म्हणाले. "तुझं बरोबर आहे. नाही दिसत."

"मग ठेव फासे खाली. गेली तुझी चाल." मास्तर आता खुर्चीतून पुढे आले होते, कान लाल झाले होते, आवाज पार बाहेरच्या खोलीपर्यंत जात होता. "वहिनी, सांगून ठेवा याला. असली लबाडी पुढच्या रविवारी चालवून घेणार नाही मी. सरक तिकडे. माझी पाळी."